मागून

अर्धांगाच्या झटक्याने गेलेले शब्द परत येतील, असं डॉक्टर म्हणाले होते. कोणते येतील आणि कोणत्या क्रमाने, ते मात्र सांगता येत नाही. उन्हाळा लागता लागता आजोबांचा एक शब्द परत आला, आणि त्यानंतर दुसरा आलाच नाही. तो शब्द होता 'मागून'.

पहिल्यांदा तो कानावर पडला तेव्हा काकूला हसू आणि रडू एकदमच आलं, कारण त्या घरात वापरून वापरून सगळ्यांत झिजलेला शब्द तोच होता. ऐन तारुण्यात आजोबा एका बुजऱ्या घोड्याच्या पाठीमागून न बोलता गेले होते. लाथ बसली, जबडा मोडला आणि जुळला तो वाकडा. तेव्हापासून तबेल्यात नियम झाला, की कुणाच्याही पाठीमागून जायचं तर आधी 'मागून' म्हणायचं आणि मगच पाऊल टाकायचं. घोड्यांसाठी केलेला नियम हळूहळू माणसांनाही लागला. स्वयंपाकघरात उकळतं पातेलं उचलताना, जिन्यात, न्हाणीघराच्या दाराशी, सगळीकडे 'मागून'. काकू लग्न होऊन नवीन आली तेव्हा बरेच दिवस तिची समजूत होती, की या घरात आपल्याला प्रत्येक काम नंतर करायला सांगतात. तिने "चहा ठेवू का?" विचारावं आणि धाकट्या दिराने तिच्या पाठीमागून पाण्याची बादली नेताना "मागून" म्हणावं. ती बिचारी शेगडी बंद करून बसायची.

त्या रविवारी दुपारी सगळे जमले ते सायचं काय करायचं हे ठरवायला. बाकीचं ठरून गेलं होतं. महिनाअखेरीला घर सोडायचं, आजोबांना शहरात आत्याच्या शेजारच्या जागेत न्यायचं, तिथे बोलणं आणि हात सुधारण्याचे उपचार रोज मिळतील. काका-काकूही त्यांच्याबरोबर जाणार. राहता राहिली ती एक घोडी, तबेल्यातली शेवटची. अंगावर दुधावरच्या सायीचा रंग, म्हणून साय.

खोली लांबट होती. आजोबांची चाकाची खुर्ची खिडकीपाशी होती, तोंड बाहेर तबेल्याकडे आणि पाठ खोलीकडे. काकांनीच ती तशी लावली होती. साय दिसली की आजोबांचा श्वास संथ चालतो, असा त्यांचा अनुभव होता. आज तिथे बसून बोलायचं म्हणजे सगळं त्यांच्या पाठीशी बोलायचं, हे काकांच्या लक्षात आलं तेव्हा बाकीचे बसले होते आणि खुर्ची फिरवायची वेळ निघून गेली होती.

काकांचा जन्म खोगिरं शिवण्यात गेला होता. कातडं कापण्याआधी ते त्यावरून दहादा हात फिरवत, एकदा कात्री लावली की मात्र थांबत नसत. बोलणंही त्यांनी तसंच तयार करून आणलं होतं. सापाच्या विषावरचं औषध बनवणाऱ्या ज्या संस्थेत पुतणीला, शेपटीला, हिवाळ्यात नोकरी लागली, तिथे निरोगी आणि शांत घोडे लागतात. तिथे स्वच्छ तबेला आहे, आवारातच पशुवैद्य आहे, चाऱ्याची ददात नाही. सायचं वय बसतं, स्वभाव बसतो. आणि तिथे घरचं माणूस आहे. हे शेवटचं वाक्य त्यांनी शेपटीकडे बघून म्हटलं, आणि ती आपल्या बाजूने बोलेल म्हणून थांबले.

 शेपटी पायांशी पडलेल्या उन्हाच्या पट्ट्याकडे बघत राहिली.

शेपटी हे नाव तिला तबेल्यातल्या माणसांनी दिलं होतं. शाळेला सुट्टी लागली की आई-बाबा तिला इथे आणून सोडत, आणि मग सगळा उन्हाळा ती आजोबांच्या मागे मागे. ते खरारा करत असले तरी, नाल तपासत असले तरी, नुसते कुंपणाला टेकून उभे असले तरी ही चार पावलं मागे. म्हातारपणी मालकांना शेपूट फुटलं, असं कुणीतरी म्हणालं आणि ते चिकटलं. त्या उन्हाळ्यांतले घोडे तिला अजून एकेक आठवत. वकील होता, जो प्रत्येक गोष्टीला आधी मान हलवून नकार द्यायचा आणि मग तीच गोष्ट करायचा. घड्याळ होता, दाण्याची वेळ झाली की दाराला लाथ घालणारा. तिची शाळा संपली त्या उन्हाळ्यात, भर दुपारी, तिच्यासमोर साय जन्मली. ओली, थरथरती, पायांची नुसती घडी. आजोबांनी त्या दिवशी तिला पहिल्यांदा पुढे बोलावलं होतं, "तू पूस तिला." तिने गवताच्या मुठीने शिंगराचं अंग पुसलं होतं, आणि नंतर कितीतरी वेळ हात धुतले नव्हते.

पुढे तिचे बाबा गेले. घरातले धाकटे तेच. आज या खोलीत ती बसली होती ती त्यांच्या जागी, आणि तिच्या शब्दाला त्यांचं वजन होतं. काकांना ते हवं होतं. आत्यालाही.

नव्या नोकरीत रुळायला तिला वेळ लागला होता. पहिल्याच दिवशी ती कुणाच्या तरी ठरलेल्या स्टुलावर बसली. कपाचा खिळा कुठला, कुठला खण ओढला की शेजारचा आपोआप उघडतो, हे कुणी सांगत नाही आणि तेच आधी माहीत असावं लागतं. त्याच आठवड्यात काचेच्या नळ्यांचा ट्रे घेऊन विभागप्रमुख बाईंच्या पाठीमागून जाताना ती सवयीने "मागून" म्हणाली. बाई मान वर न करता म्हणाल्या, "मागून कशाला, आत्ताच द्या." सगळा मजला हसला. पुढे बरेच दिवस ती तिथे मागूनबाई होती. पण गरम काच आणि आम्ल घेऊन वावरणाऱ्या माणसांना त्या शब्दाचा उपयोग लवकरच कळला. एकाने उचलला, मग दुसरीने. एके दिवशी वाफाळता चंबू नेताना विभागप्रमुख बाई स्वतः तिच्या पाठीशी "मागून" म्हणाल्या, आणि तिला वाटलं, आता आपण इथल्या झालो.

तिच्यापर्यंत घोडे येत ते बाटल्यांतून. रक्त स्थिर ठेवलं की लाल पेशी तळाशी बसतात आणि वर वाळल्या गवताच्या रंगाचा द्रव उरतो. त्या द्रवात विष मारण्याची ताकद किती, हे मोजणं तिचं काम होतं. बाटलीवर घोड्याचं नाव नसे, क्रमांक असे, आणि ते तिला योग्य वाटे. कुणाचं रक्त आहे हे माहीत असलं की डोळा मोजमापाला दगा देतो. तबेला इमारतीच्या मागे होता. संध्याकाळी वारा फिरला की खिडकीतून लीद, गवत आणि घामाचा वास यायचा. तेव्हा तिचे हात क्षणभर थांबायचे. तरी बरेच दिवस ती खाली गेली नाही.

गेली तेव्हा रक्त काढणं चालू होतं. तिने ते सगळं नीट पाहिलं. मानेवर केस काढलेला तळहाताएवढा चौकोन होता. सुई सफाईने आत गेली. घोडा हलला नाही, कान तेवढे मागे-पुढे झाले. पशुवैद्य सुईकडे बघत होते, मदतनीस पिशवीकडे. कामात खोट काढायला जागा नव्हती. एवढंच, की घोड्याच्या समोर कुणीही उभं नव्हतं.

आणि गेल्या आठवड्यात त्याच पशुवैद्यांनी तिला जिन्यात थांबवून विचारलं होतं, तुमच्या घरची घोडी येतेय म्हणे? काकांचा फोन आला होता.

आत्या मात्र काकांचं बोलणं संपायची वाट बघत होती. ती निवृत्त परिचारिका. सगळी नोकरी रक्तपेढीत झालेली, आणि लहानपणापासून घोड्यांची भीती. तबेल्यात तिने पाऊल टाकलं नव्हतं. म्हणून दादाला वाटलं असेल की हिला काय त्याचं. पण वडिलांच्या हातचा शेवटचा जीव कुठे जातो याचं तिला काहीच नाही, असं गृहीत धरलेलं तिला झोंबलं. एवढ्या घोड्यांना वळण लावलं त्यांनी, आणि शेवटच्या घोडीच्या मानेत सुई. मुद्दा तिने आवाज न चढवता मांडला. रक्त देणाऱ्यासमोर चढवायचा नसतो, ती सवय.

"मी आयुष्यभर लोकांचं रक्त काढलं, दादा. मला सुईचं भय नको सांगूस. पण ती माणसं विचारल्यावर हात पुढे करायची. नको वाटलं तर उठून जायची. सायला कोण विचारणार आहे?"

काका म्हणाले, घोडीला विचारून कुणी खोगीर तरी कधी चढवलंय. आत्या म्हणाली, खोगीर उतरवता येतं. आणि मग तिने तिचा पर्याय काढला. टेकडीवर येणाऱ्या पाहुण्यांना घोड्यावरून फिरवणारा एक माणूस तिच्या ओळखीचा होता. तिथे उघडी हवा, हिरवळ. काकांनी विचारलं, हिरवळ कुणाच्या पायाखाली, सायच्या की पाहुण्यांच्या? दिवसभर ज्याला बसता येत नाही असा प्रत्येक जण पाठीवर बसणार आणि तोंड ओढणार. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते, आणि ते दोघांनाही कळत होतं. म्हणूनच आवाज कडवट होत चालला होता.

आत्याने शेपटीला वादात ओढून घेतलं. लहानपणापासून या दोघींचं जमायचं. "ही शिकलेली आहे, हिला आत काय चालतं ते दिसतं. सांग गं, तुला चालेल?" आणि उत्तराआधीच पुढे म्हणाली, "हिला तरी विचारलंस का दादा, संस्थेशी बोलायच्या आधी?"

"बोललो कुठे अजून," काका म्हणाले. ते खोटं बोलण्यात कच्चे होते. बोलताना अंगठ्याने दुसऱ्या हातावरचे घट्टे चाचपत होते.

शेपटीला गप्प राहता आलं असतं. पण चुकीचं मोजमाप समोर असताना तिला गप्प राहता येत नसे. फोन झालाय, ती म्हणाली. आमच्या घोड्यांच्या डॉक्टरांनी मला सांगितलं. बुधवारी.

आत्याने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. शुक्रवारी संध्याकाळी या मुलीने तिला फोन केला होता, आणि नव्या जागेला पडदे कुठल्या रंगाचे घ्यावेत यावर दोघी मनसोक्त बोलल्या होत्या. रंग शेपटीनेच ठरवला होता. फिकट निळा.

"म्हणजे शुक्रवारी तुला ठाऊक होतं."

"हो."

"आणि आपण पडद्यांचं बोलत होतो."

 काकांनाही तिचा राग आला, वेगळ्या कारणाने. ठाऊक होतं तर चार शब्द आपल्या बाजूने बोलायचे, की तोंडावर पाडायचं? मघापर्यंत दोघांना आपली वाटणारी मुलगी एकाएकी कुणाचीच राहिली नाही.  बाहेर सायने शेपटाने माशा हाकल्याचा फटकारा तेवढा ऐकू आला.

तेव्हा खिडकीकडून आवाज आला. जड, पण स्पष्ट.

"मागून."

 सवयीने आधी प्रत्येकाने आपल्या मागे पाहिलं, मग आजोबांच्या पाठीकडे.

आत्या म्हणाली, घ्या, त्यांना सगळं कळतंय. आपण त्यांच्या मागून कारभार करतोय, तेच बोलून दाखवताहेत. काका म्हणाले, अजिबात नाही. ते म्हणताहेत नंतर बघा. माझ्या मागून काय ते करा, मी असेतो तिला हलवू नका. हे बोलताना त्यांचा आवाज चिरकला, कारण हा अर्थ खरा निघाला तर त्यांचं घर सोडणंच अडत होतं आणि तरीही त्यांनी तो लपवला नाही. आत्याच्या ते लक्षात आलं. तिने पाण्याचा पेला दादाकडे सरकवला.

काकू इतका वेळ कपडे घडी करत बसली होती. आजार झाल्यापासून सासऱ्यांचं आणि घोडीचं, दोघांचं खाणंपिणं तिच्याकडे होतं, आणि सायचं काय करावं हे तिला अजून कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तरी तिला सांगता आलं नसतं. सकाळी बादली घेऊन गेलं की साय तिच्या खांद्यावर हनुवटी टेकवायची, याला काही मत म्हणता येत नाही.

ती म्हणाली की आजोबा तो शब्द उगाच म्हणत नाहीत. उशी हवी, पाणी हवं, तर हाताने दाखवतात. शब्द काढतात तो तबेल्याचा विषय निघाला की. परवा तो टेकडीवरचा माणूस गाडी घेऊन आला होता ना, फाटकातूनच म्हणाला, कुठली ती न्यायची? नोकराला पाठवलं दोर घेऊन. तेव्हा तर आजोबांनी मागून, मागून म्हणत खुर्ची हलवून सोडली.

"टेकडीवरचा माणूस इथे आला होता?" काकांनी विचारलं. ते त्या दिवशी जागेचं बघायला शहरात गेले होते.

काकूने चादरीची कड जुळवली. "तुमचं नाव सांगितलं त्याने, वन्सं. मी म्हटलं, घरात विचारून कळवते."

आत्याची मान खाली गेली.  दादा आपल्यावर तुटून पडेल असं तिला वाटलं, पण काकांनी नुसता निःश्वास सोडला आणि म्हणाले, "आपण दोघं एकाच बापाची." आत्या रडवेल्या चेहऱ्याने हसली. बहीणभावाचं तेवढ्यावर मिटलं.

काकू म्हणाली, "कुणाचं बरोबर ते तुम्ही ठरवा. पहिल्या तारखेपासून तिला पाणी कोण देणार, एवढंच मला कळू दे."

परत सगळं शेपटीवर आलं. आत्याच्या मनात पडद्यांचा सल होताच. ती म्हणाली, हिला काय विचारायचं, ही अजून मागचंच दार राखत बसली असेल.

आणि काका एकदम हसले. हसायची वेळ नव्हती, पण त्यांना आवरेना. काकूलाही हसू आलं. ती गोष्ट घरात कितीतरी वेळा सांगून झाली होती. एका उन्हाळ्यात एक बडा माणूस मोटारीतून आला. मोटारीत बसल्याबसल्याच त्याने वकिलाकडे बोट दाखवून तो घोडा द्या म्हणून सांगितलं. आजोबांनी वर पाहिलं नाही, नाल घासत राहिले. मोटार गेल्यावर म्हणाले, "मी घोडा देत नसतो. लोक मागून नेतात." शेपटी चार पावलं मागे उभी होती. तिने ऐकलं आणि तिची समजूत झाली, की तबेल्याच्या मागच्या दाराने लोक येतात आणि घोडे पळवून नेतात. दुसऱ्या दिवशी ती कुणाला दिसेना. सगळीकडे शोधाशोध झाली. शेवटी सापडली ती तबेल्याच्या मागे, भर उन्हात, हातात केरसुणी घेऊन, दाराला पाठ लावून बसलेली. काय करतेस विचारलं तर म्हणाली, "वकिलाला मागून नेणार आहेत."

"आणि मोठी माणसं आली तरी उठेना," काका डोळे पुसत म्हणाले. "त्या शाळामास्तरांनाही केरसुणी दाखवली. ज्यांनी वकिलाला खरंच मागून..."

ते थांबले. हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं आणि आतलं निघून गेलं.

शेपटीला ते शाळामास्तर आठवले. उन्हात घोड्यासमोर उभे होते, टोपी काढून. त्यांच्या मुलीला चालता येत नव्हतं, तिला घोड्यावर बसवायचं होतं. घोड्याला काय काम पडेल, कुठे ठेवणार, जमलं नाही तर काय करणार, सगळं त्यांनी सांगितलं आणि मग म्हणाले, हा मला हवा आहे, द्याल का? आजोबांनी दोर त्यांच्या मुठीत ठेवला आणि वरून आपली मूठ आवळली. तीच त्यांची रीत होती. घोडा त्यांनी कधी कुणाला देऊ केला नाही. जो समोर येऊन, घोड्याच्या देखत, तोंडाने मागेल, त्याचाच.

टेकडीवरच्या माणसाने मागितली नव्हती. संस्थेनेही मागितली नव्हती, काकांनी देऊ केली होती. या खोलीत इतका वेळ सगळे साय कुणाला द्यायची ते बोलत होते. मला हवी असं कुणीही म्हटलं नव्हतं.

आजोबांचा 'मागून' तो हाच, याला पुरावा नव्हता. मेंदूला धक्का बसल्यावर एखादाच शब्द का तरतो, याबद्दल तिने या दिवसांत पुष्कळ वाचलं होतं. सगळ्यांत जास्त घोटलेला शब्द तरतो, त्यामागे अर्थ असेलच असं नाही. पण नसेलच असंही नाही, आणि तपासायचा मार्ग एकच होता. तिला तो नको होता. बाटलीवरच्या क्रमांकामागे कोण आहे हे कळल्यावर आपला हात स्थिर राहील का, तिला माहीत नव्हतं. मागितलं की आपण त्यात आलो. नुसतं चार पावलं मागे उभं राहून बघणं संपलं.

ती उठली. खिडकी आणि खुर्ची यांच्यामध्ये फारशी जागा नव्हती. तिने कुंडी सरकवली, अंग चोरून पुढे गेली आणि आजोबांच्या समोर गुडघ्यांवर बसली. आजारानंतर इतक्या जवळून, समोरून, तिने त्यांना पाहिलं नव्हतं. एक डोळा अर्धा मिटलेला होता. दुसरा पूर्ण जागा होता आणि तिच्यावर होता. तिच्या डोक्यावरून त्यांना साय दिसत असणार.

"आजोबा, साय मला हवी आहे. मागायला आलेय."

डोळा हलला नाही. ती पुढे बोलली, सावकाश, एकही गोष्ट न गाळता. "ती माझ्या कामाच्या ठिकाणी राहील. तिच्या अंगात थोडं थोडं विष टोचतील, तिला सोसेल एवढंच. जागा सुजेल, मग उतरेल. ठराविक दिवसांनी मानेतून रक्त काढतील. त्याचं औषध होतं. त्याने माणसं वाचतात, ते खरं आहे. तिथे तिला नाव नसेल. थकली की मोकळ्या कुरणात सोडतील, पण इथे परत आणता येणार नाही." ती गुडघ्यांवरच आणखी पुढे सरकली. "रक्त काढताना तिथे घोड्याच्या समोर कुणी उभं राहत नाही. मी राहीन. दर वेळी. तिथल्या लोकांकडून तेवढं मी मागून घेईन. द्याल?"

 आजोबांचा वाकडा जबडा जरा हलला, शब्द आला नाही. मग चांगला हात मांडीवरून उठला, हवेत काहीतरी शोधल्यासारखा थांबला आणि तिच्या हातावर आला. त्यांनी तिची बोटं एकेक करून मिटवली आणि वरून आपली मूठ आवळली. तिच्या अपेक्षेपेक्षा खूप जोरात.

काकांनी तोंड फिरवलं. कातडं त्यांच्या हातून घेऊन दुसऱ्याच कुणी कापलं होतं, पण सरळ कापलं होतं. आत्या उठून खुर्चीपर्यंत आली. "मागून," ती खुर्चीच्या पाठीशी हळूच म्हणाली, वडिलांच्या खांद्यावर हात ठेवला आणि भाचीला म्हणाली, "सुई टोचायच्या आधी सांगायचं तिला. टोचल्यावर सांगून उपयोग नसतो."

"सांगेन."

"आणि पडदे निळेच घेऊ."

काकूने घडी केलेले कपडे कपाटात ठेवले आणि विचारलं, आज संध्याकाळचं पाणी कोण देणार? शेपटी म्हणाली, मी.

ती अंगणातून तबेल्याकडे गेली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. एका हातात बादली होती, दुसरी मूठ तशीच मिटलेली. तबेल्याचं मागचं दार जवळ पडायचं. बादली घेऊन सगळे तिकडूनच जात. ती वळसा घालून पुढच्या दाराने गेली. सायने मान उचलली, नाकपुड्या फुलवल्या आणि आधी पाण्याकडे न जाता ती मूठ हुंगली, गाजर असेल म्हणून.

शेपटीने मूठ उघडून दाखवली. सायने रिकामा तळहात दोनदा चाटला, मग पाण्यात तोंड घातलं. खिडकीतून आजोबा बघत होते, म्हणून ती बाजूला झाली नाही. घोडीचं पिऊन होईपर्यंत तिच्या समोर उभी राहिली.